सोनखत करायचे तर आधी पाणी तोडा

गोव्यात सोनखत, म्हणजे कोरड्या संडासात मुरवलेले माणसाच्या विष्ठेचे खत, बिघडते ते पाण्याने. पावसाळ्यात भूजल वर येते आणि जांभा पडला चाळणीसारखा, त्यामुळे खड्ड्यातली घाण विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून खड्डा खणूच नका. संडासाखालचा हौद जमिनीच्या वर बांधा.

पाच माणसांच्या घराला दोन हौद लागतात, प्रत्येकी एक मीटर लांब-रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच. माणशी विष्ठा वर्षाला साधारण ५० लिटर. त्यावर दुपटीने भुसा पडला तरी एक हौद वर्षभर पुरतो. भिंती चिऱ्यांच्या, आतून सिमेंटचा गिलावा, तळ जमिनीपेक्षा फूटभर उंच. मागे खत काढायला घट्ट झाकण. हौदातून हवेसाठी चार इंची पाइप छपराच्या वर न्या आणि तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर माश्या होतात.

संडासाचे भांडे लघवी वेगळी काढणारे हवे. लघवीची नळी प्लास्टिकचीच, लोखंड गंजते. खरी अडचण धुण्याची. ते पाणी हौदात गेले की सगळे मुसळ केरात! धुण्याची जागा बाजूला करा आणि पाणी केळीजवळच्या झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडा. विहिरीपासून किमान १५ मीटर. जांभ्यात जितके लांब तितके बरे.

दरवेळी वरून पाव लिटर कोरडा भुसा. भाताचा तूस एकटा ओल शोषत नाही, त्यात निम्मा सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा आणि थोडी चुलीची राख मिसळा. हा माल मे महिन्यात उन्हात वाळवून झाकणाच्या पिंपात भरा. जुलैत पिंपातला भुसा मुठीत दाबून पाहा, गोळा झाला तर तो कामाचा नाही. कुजका वास किंवा अळ्या दिसल्या की समजा आत पाणी शिरले आहे: गळती शोधा, दुप्पट भुसा घाला.

हौद भरला की बंद करून भिंतीवर रंगाने तारीख लिहा. तिथून पूर्ण एक वर्ष. मधे एकदा जरी कोणी वापरला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. जंताची अंडी सर्वांत चिवट, हा काळ त्यांच्यासाठीच. ढीग तापून ती मरतात खरी, पण त्याला सगळा ढीग आठवडाभर ५० अंशांच्या वर राहावा लागतो. घरच्या हौदात तो सहसा तापत नाही. वर्ष भरण्याआधी गड्याकडून हौद उपसून घेणे तर हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हाच आहे.

लघवी बंद कॅनमध्ये महिनाभर ठेवा, मग एक भाग लघवीला आठ भाग पाणी घालून केळीच्या बुंध्यापासून हातभर दूर मातीत ओता. पानांवर नको.

तयार खत मातकट वासाचे, चुरचुरीत असते. हातमोजे आणि गमबूट घालून ते माडा-पोफळींच्या आळ्यात पसरा आणि वर चार बोटे माती ओढा. तांबडी भाजी, मुळा, काकडी यांच्या वाफ्यात वर्ष उलटले तरी घालू नका.