परदेशी एमएसचा अर्ज: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग बाकीचं
अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, ऑगस्टमधल्या प्रवेशासाठी अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणून शिवाजी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज गणपतीआधीच टाका. दिवाळीच्या सुट्टीत कागद हलत नाही. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका जोडा, एटीकेटीच्यासुद्धा (विषय राहून पुढच्या वर्गात गेलात त्या). ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट घरी कौतुकाने फोडलं की ते बाद, तेव्हा एक जादा घ्या.

खरी गोची नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. अर्ज, टोफेल (इंग्रजीची परीक्षा), जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) सगळीकडे नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, नाहीतर गुण येतात पण अर्जाला जुळत नाहीत.

फॉर्मने सांगितल्याशिवाय सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची सरासरी श्रेणी) ४ च्या मापात बदलू नका; १० पैकी आहे तसाच लिहा. टोफेलचे गुण २ वर्षं, जीआरईचे ५ वर्षं चालतात.