क्विझची यादी पेजवर छापायच्या आधी काय काय बघायचं
जावास्क्रिप्टचं छोटं क्विझ आहे: प्रॉम्प्टने (ब्राउझरच्या उत्तर मागणाऱ्या चौकटीने) प्रश्न विचारायचे, बरोबर आलेले आणि चुकलेले प्रश्न दोन अ‍ॅरेत (क्रमाने ठेवलेल्या संचांत) टाकायचे आणि त्यांच्या दोन याद्या पेजवर छापायच्या. फाइल सेव्ह, पेज रिफ्रेश, कन्सोल (ब्राउझरमधली चुका दाखवणारी खिडकी) उघडा, हे सांगायला नको. प्रश्न तीनच ठेवा, टेस्टिंगला दहा प्रॉम्प्ट भरत बसलं की वैताग येतो आणि वैतागात समोरची चूक दिसत नाही.

आता मुख्य. यादी बनवणाऱ्या फंक्शनच्या शेवटी रिटर्न, म्हणजे तयार यादी परत देणारी ओळ, आहे का? मागच्या वेळी तेच राहिलं, मथळ्याखाली नुसतं अनडिफाइंड (म्हणजे किंमतच दिलेली नाही) येत होतं आणि सगळा वेळ गेला अ‍ॅरे तपासण्यात, अ‍ॅरे ठणठणीत होते. आणि रिटर्न दिसला म्हणून खूश होऊ नका, तो कुठल्या कंसात आहे ते बघा, लूपच्या (तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या भागाच्या) आत अडकला असेल तर पहिल्याच फेरीत फंक्शन संपतं आणि यादीत फक्त पहिला प्रश्न येतो. फक्त शेवटचा येत असेल तर भानगड वेगळी, अधिक-बरोबरच्या जागी नुसतं बरोबरचं चिन्ह पडलंय, दर फेरीत आधीचं पुसलं जातंय. अनडिफाइंड कुठे छापलंय तेही नीट बघा: एकटंच असेल तर रिटर्न, यादीच्या डोक्यावर असेल तर स्ट्रिंगला (यादीचा मजकूर जिच्यात जमतो तिला) सुरुवातीला रिकामे कोट दिलेले नाहीत, तळाशी असेल तर लूप अ‍ॅरेच्या लेंग्थच्या (लांबीच्या) एक पाऊल पुढे जातोय.

सगळीच उत्तरं चुकीच्या यादीत जातायत? प्रॉम्प्टमध्ये टाइप केलेलं उत्तर कायम स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतं, आकडा असला तरी, तीन बरोबरच्या चिन्हांनी नंबरशी तुलना केली की ती जुळणारच नाही, आधी नंबर करून घ्या. शब्दाचं उत्तर लोअरकेस (लहान इंग्रजी अक्षरांत) करताय तर सांभाळून, कोणी कॅन्सल दाबलं की नल (काहीच नाही) येतो, त्यावर लोअरकेस चालत नाही, स्क्रिप्ट तिथेच मरते आणि दोन्ही याद्या गायब.

कन्सोलमध्ये अ‍ॅरे नका बघू, क्रोममध्ये तो नंतर उलगडला की आत उलगडतानाची अवस्था दिसते, लॉग केला (कन्सोलमध्ये छापला) तेव्हाची नाही. फंक्शनमधून परत आलेली स्ट्रिंग लॉग करा. परत आलेली, म्हणजे पुन्हा रिटर्नच.

बाकी पटापट. अ‍ॅरेत पुश करताना (भर घालताना) फक्त प्रश्न टाका, प्रश्न-उत्तराची अख्खी जोडी टाकली तर स्वल्पविराम लागून उत्तरही छापतं. स्क्रिप्टचा टॅग पेजच्या एचटीएमएलमध्ये बॉडीच्या शेवटी ठेवा. एकदा सगळं बरोबर, एकदा सगळं चूक देऊन बघा. आणि फंक्शनला परत हात लावलात तर रिटर्न परत बघा, कंसासकट.