झेरॉक्स ‘रिमूव्ह’ करू नका: नामाचं क्रियापद करताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये प्रत्येक नवी बॅच ही एक चूक घेऊनच येते. मराठीत आपण झेरॉक्स ‘काढतो’, म्हणून पोरं बिनधास्त ‘रिमूव्ह टू झेरॉक्स’ म्हणतात. रिमूव्ह म्हणजे काढून टाकणं!

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, कामाला असलेल्या माझ्या विद्यार्थ्यानं जर्मनीच्या ग्राहकाला मेल टाकला, ‘प्लीज रिमूव्ह झेरॉक्स ऑफ ओल्ड ड्रॉइंग.’ त्याला जुन्या ड्रॉइंगची प्रत हवी होती. तिकडच्या माणसानं दोघांच्या सामायिक फोल्डरमधून ते ड्रॉइंगच उडवलं आणि ‘डन’ असं कळवलं. इकडे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, दुरुस्तीला आलेला, साचे काढायचं काम थांबलेलं, आणि तिकडे शनिवार-रविवारची सुट्टी. सोमवारपर्यंत सगळे हात चोळत बसले.

इंग्रजीत झेरॉक्स हा शब्दच क्रियापदासारखा चालतो, भूतकाळात ‘झेरॉक्स्ड’. तरीही परदेशी पत्रव्यवहारात मी ‘फोटोकॉपी’च लिहायला लावतो. झेरॉक्स हे अमेरिकन कंपनीचं नाव आहे आणि ते क्रियापद म्हणून वापरू नका अशा जाहिराती त्या कंपनीनंच दिल्या आहेत. नाव सगळ्यांच्या तोंडी साधा शब्द होऊन बसलं की ट्रेडमार्क हातचा जाऊ शकतो. लिफ्ट बनवणाऱ्या ओटिस कंपनीनं ‘एस्कलेटर’ (सरकता जिना) हा ट्रेडमार्क १९५० मध्ये असाच गमावला.

‘डू गुगल’ हे त्याचंच भावंड. आपल्याला प्रत्येक नामामागे ‘करणे’ लागतं, इंग्रजीला लागत नाही. ‘आय गुगल्ड इट’, संपलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानं २००६ मध्ये हे क्रियापद घेतलं. ‘डू मेसेज टू मी’ नको, ‘मेसेज मी’ म्हणा.

‘अ‍ॅडव्हाइस’ नाम, ‘अ‍ॅडव्हाइझ’ क्रियापद. शेवटचा उच्चार सांभाळा.

‘रेकॉर्ड’ नाम असेल तर उच्चाराचा जोर शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

काही जुने मास्तर नामाचं क्रियापद करणंच चूक मानतात. ते मला पटत नाही. बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ मध्ये अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरला पत्र लिहून ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ यांच्या क्रियापदी वापराबद्दल तक्रार केली होती. आज हे तिन्ही शब्द सर्रास चालतात.

पण म्हणून वाटेल ते नाम ओढायचं नाही. ‘डोन्ट टेन्शन मी’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. इंग्रजीत टेन्शन क्रियापद आहे, पण ते तार किंवा पट्टा ताणण्यासाठी. माणसासाठी ‘डोन्ट वरी मी’ म्हणा. पंधरा दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या नादी लागलेल्यांना एवढं थांबायचं नसतं. ते ठरलेली वाक्यं घोकतात आणि समोरच्यानं उलट प्रश्न केला की गप्प होतात.

माझी सवय सांगतो. नवा शब्द क्रियापद म्हणून वापरण्याआधी मी त्याचं कालचं वाक्य वहीत लिहितो: ‘आय फोटोकॉपीड द बिल येस्टरडे.’ शंका आली तर कोश उघडतो आणि शब्दापुढे ‘व्हर्ब’ छापलंय का, तिथला अर्थ आपल्याला हवा तोच आहे का, ते बघतो. नसेल तर सरळ दुसरं क्रियापद घेतो.