फेअरग्राउंडच्या शेजारी राहताय? जून-जुलैतले ते तीन-चार आठवडे असे काढा

कॅलिफोर्नियात प्लेझंटनला अ‍ॅलमीडा काउंटी फेअर, म्हणजे इथली मोठी जत्रा भरते, त्या ग्राउंडपासून चालत सात मिनिटांवर आमचं घर आहे. नऊ उन्हाळे काढलेत इथे. दर वर्षी गल्लीत कोणीतरी नवीन राहायला येतं आणि त्यांना हमखास सल्ला मिळतो, त्या दिवसांत कुठेतरी फिरायला जा! अहो, सुट्ट्या काय झाडाला लागतात? आणि फेअरला शिव्या घालूनही उपयोग नाही. फेअर १९१२ पासूनचं आहे, तिथला घोड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक तर १८५८ चा. आपणच मागून आलोय.

तर सुरुवात तारखांपासून. जूनच्या मध्यापासून ते साधारण चार जुलैच्या पुढेपर्यंत, त्या वर्षीच्या नक्की तारखा बघून फ्रिजवर चिकटवा. अलीकडे सोमवार-मंगळवारी बंद असतं, डेंटिस्ट, प्लंबर, सोफा डिलिव्हरी सगळं त्या दोन दिवसांत कोंबायचं. किराणा बुधवारच्या आत.

मग रस्ता. वीकेंडला ६८० फ्रीवेवरून बर्नल अ‍ॅव्हेन्यूचा एक्झिट घेऊ नका, मॅप काहीही सांगू दे. सॅन होजेकडून येत असाल तर आधीच्या सनोल बुलेव्हार्डला उतरा, डब्लिनकडून आलात तर स्टोनरिजला. लांब पडतं, पण चाक तरी फिरत राहतं.

आता खरं दुखणं, ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा आपला उतार. फेअरला आलेले लोक गल्लीत गाड्या लावतात आणि तो अडवतात. याच्यावर कोणी धड सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी रस्त्याच्या कडेला दोन केशरी कोन आणि एक खुर्ची ठेवली. कोणीतरी खुर्ची उचलून अगदी नीट आमच्या लॉनवर ठेवली आणि गाडी लावून गेला. बरोबरच होतं त्याचं, रस्ता सार्वजनिक आहे, आपल्या घरासमोरचा असला तरी आपल्या बापाचा नाही. दुसऱ्या वर्षी बोर्ड लावला, तो कोणी वाचलाच नाही. तिसऱ्या वर्षी सासूबाई भारतातून येणार होत्या, नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, मी विमानतळावर जायला गॅरेज उघडलं तर समोर एक भलामोठा पिकअप, अर्धा ड्राइव्हवे अडवून. अर्ध्यातून आमची मिनीव्हॅन निघेना. घाबरून ९११ हा इमर्जन्सी नंबर लावला, तिकडच्या बाईंनी शांतपणे पोलिसांचा दुसरा नंबर दिला. पोलीस आले, तिकीट लिहिलं, टो ट्रकची वाट बघितली, यात दीड तास गेला आणि सासूबाई दोन बॅगा आणि भाजणीचा डबा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला ताटकळत उभ्या. ते अजून ऐकतेय मी.

तेव्हापासून काय करते ते सांगते. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेच्या मधे कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेला, साधारण दीड गाडीची जागा आहे. तुमच्याकडेही बघा, असेलच. सगळी गडबड त्या उरलेल्या अर्ध्या गाडीच्या जागेत होते, लोकांना वाटतं बसेल आणि मागचा बंपर आपल्या उतारावर येतो. म्हणून सकाळी नऊच्या आत आपली एक गाडी त्या जागेच्या बरोब्बर मधोमध लावायची. चांगुलपणा दाखवून एका टोकाला सरकवू नका, तिथेच घात होतो! फक्त ती गाडी तीनेक दिवसांच्या आत हलवा, इथे ७२ तासांहून जास्त उभी राहिली तर आपलीच उचलून नेतात.

एवढं करूनही कोणी अडवलंच तर वायपरखाली चिठ्ठ्या लावत बसू नका, मालक आत कॉर्न डॉग खातोय, रात्री अकराशिवाय बाहेर येत नाही. नंबर प्लेटसकट फोटो काढा आणि पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरला फोन करा, तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि ज्या दिवशी विमान किंवा हॉस्पिटल असेल त्याच्या आदल्या रात्रीच गाडी दोन गल्ल्या पलीकडे नेऊन लावा, मी तरी आता तेच करते, पाच मिनिटं चालावं लागतं इतकंच.

बाकी सोपं आहे. दुपारी ऊन कधीकधी शंभर फॅरनहाइटला टेकतं, तेव्हा खिडक्या-पडदे बंदच. संध्याकाळी गार वारा सुटतो, त्याच्याबरोबर बँडचा आवाज आणि तळणाचा वास फुकट, वाऱ्याने दिशा बदलली तर डुकरांचा पण. ग्राउंडच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवून मागच्या उघडा. कुत्रा असेल तर चार जुलैच्या फटाक्यांआधी त्याला बाथरूममध्ये घ्या आणि पंखा मोठ्याने लावा.

राहिले पाहुणे. जून आला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आख्ख्या बे एरियातल्या मराठी मंडळींना आमची आठवण येते, अगं किती दिवसांत भेट नाही, येतो शनिवारी, गाडी तुझ्याकडेच लावतो! या, चहा पण करते. पण माझा नियम पक्का आहे, एका वेळी एकच गाडी, ड्राइव्हवेत आमच्या गाडीच्या मागे आणि किल्ली आमच्या ओट्यावर. गेल्या वर्षी एक भावजी किल्ली खिशात टाकून गेले होते, त्यांना फेरिस व्हीलच्या रांगेतून परत बोलावलं मी.