डीसी मोटरचं मॉडेल: समीकरणं सोपी, आकडे कुठून आणायचे?

व्हायव्हाला डीसी मोटरचं ट्रान्सफर फंक्शन (मिळणारा वेग भागिले दिलेलं व्होल्टेज) सगळेच धडाधड लिहितात, पण "तुझ्या मोटरचा जे किती?" (जे म्हणजे फिरणाऱ्या भागाचं जडत्व) म्हटलं की गाडी अडते. लॅमिंग्टन रोडवरून उचललेल्या मोटरसोबत डेटाशीट मिळेल ही आशा सोडा, आकडे मोटरकडूनच काढायचे.

आधी समीकरणं. परमनंट मॅग्नेटवाली मोटर धरतोय. आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या वाइंडिंगला, किरचॉफ लावा (व्ही व्होल्टेज, आय करंट, आर रेझिस्टन्स, एल इंडक्टन्स, ओमेगा वेग, के मोटरचा स्थिरांक):

व्ही = आर × आय + एल × (डीआय/डीटी) + के × ओमेगा

शाफ्टला न्यूटन (बी म्हणजे वेगाबरोबर वाढणारं घर्षण):

के × आय = जे × (डीओमेगा/डीटी) + बी × ओमेगा

दोन्हीकडे के एकच, पण वेग रेडियन पर सेकंदमध्ये असेल तरच, आरपीएम घुसवला की झोल. लाप्लास घ्या (डी/डीटीच्या जागी एस), आय उडवा:

ओमेगा/व्ही = के / [(एल × एस + आर)(जे × एस + बी) + के²]

पोझिशन हवी तर खाली अजून एक एस.

आता खरं काम. आरसाठी शाफ्ट घट्ट धरून थोडासाच करंट सोडा आणि व्होल्टेज भागिले करंट करा, शाफ्ट जरा जरा फिरवून पाचसहा ठिकाणी घ्या कारण ब्रश कुठे टेकलाय त्यावर आकडा हलतो, आणि पटपट उरका नाहीतर वाइंडिंग तापून आर वाढतो. समजा २ ओहम आला. मग मोटर १२ व्होल्टवर मोकळी पळवा, समजा करंट ०.४४ अँपियर आणि वेग २१२० आरपीएम, म्हणजे २२२ रेडियन पर सेकंद. १२ मधून आर × आय म्हणजे ०.८८ वजा केले, उरले ११.१२, भागिले २२२, के आला ०.०५. वेग स्थिर असताना के × आय = बी × ओमेगा, म्हणून बी साधारण ०.०००१. एकाच टेस्टमध्ये दोन आकडे, अजून काय पाहिजे!

जेसाठी वेग मोजायला एन्कोडर लागेल. स्टेप, म्हणजे एकदम व्होल्टेज, द्या आणि वेग शेवटच्या आकड्याच्या ६३ टक्क्यांवर किती वेळात पोचला ते बघा, तो टाऊ. समजा ०.०७४ सेकंद. एल सोडून दिला तर टाऊ = आर × जे / (आर × बी + के²), यातून जे ०.०००१ निघतो. एल सोडायचा का? २ मिलिहेन्री असेल तर एल/आर १ मिलिसेकंद, टाऊच्या ७४ पुढे काहीच नाही, बिनधास्त सोडा. करंट लूप (करंट ताब्यात ठेवणारा कंट्रोलर) डिझाइन करताना मात्र नको.

हे सगळं सिरीज मोटरला (जिथे मॅग्नेटऐवजी फील्ड वाइंडिंग आर्मेचरच्या सिरीजमध्ये असतं) चालत नाही हां. १९२५ साली व्हीटी-कुर्ला मार्गावर १५०० व्होल्ट डीसीची लोकल सुरू झाली, त्या जमान्यातल्या लोकलच्या डीसी मोटर सिरीज असायच्या, तिथे फील्डही करंटवर असल्याने टॉर्क साधारण करंटच्या वर्गात जातो, लिनियर मॉडेल एका ऑपरेटिंग पॉइंटपुरतंच.

शेवटी ६ व्होल्टवर चेक करा. मॉडेल म्हणेल १११ रेडियन पर सेकंद, मोटर बहुतेक थोडी कमीच दाखवेल, कारण ब्रशचं कोरडं घर्षण बीमध्ये बसत नाही. फरक फार वाटला तर वेगळा स्थिर टॉर्क वजा करा.