गाळप हंगामात धुक्यातून गाडी कशी चालवावी

पहिलं म्हणजे, टाळता येत असेल तर पहाटे निघू नका. रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात धुकं धरतं. दिवस उगवताना ते बरेचदा आणखी दाटतं आणि नऊच्या आसपास विरतं. ‘लवकर निघा, रस्ता मोकळा मिळतो’ हे उन्हाळ्यात ठीक आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च साखर कारखाने चालू असताना पहाटेचा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला असतो, तुम्हाला फक्त तो दिसत नाही.

निघायचंच असेल तर लाइट डिमवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटा तुमच्याच डोळ्यांत येतो. काच आतून धुरकटली तर फडकं घेऊन पुसत बसू नका. एसी चालू करा, झोत काचेवर सोडा, बाहेरची हवा आत घ्या. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, कोणी कितीही सांगो. तुम्ही उभे आहात की चालताय हे मागच्याला कळत नाही आणि वळताना दाखवायला इंडिकेटर उरत नाही.

आता ट्रॉली. मला हेच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, उंच रचलेल्या, कडेने आणि मागून ऊस बाहेर आलेला. टेललाइट असलाच तर लोंबत्या वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) दडलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. डोळे लाल दिवा शोधत असतात आणि तो नसतोच. म्हणून दिवा शोधणं सोडा. समोरच्या धुक्यात एखादा भाग बाकीच्यापेक्षा काळपट वाटला की पाय लगेच ब्रेकवर. खात्री होण्याची वाट बघायची नाही.

हिशेब करून बघा. ट्रॉली ताशी १५ किमीने चाललीय, तुम्ही ६० ने. तीस मीटरवर दिसली तर हातात अडीच सेकंदही नाहीत, आणि त्यातले एक-दीड तर पाय हलेपर्यंतच जातात. ४० ने असाल तर चार सेकंदांहून थोडे जास्त मिळतात. तीच ट्रॉली स्प्रिंगचा पाटा तुटून उभी असेल तर ४० सुद्धा जास्त आहे. जेवढं दिसतंय त्याच्या निम्म्यात गाडी उभी राहील एवढाच वेग ठेवा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे.

‘पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे लागायचं’ हा सल्ला तर मला ऐकवत नाही. तो खड्ड्यात गेला की तुम्हीही गेलात. डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरा. पट्टा नसेल तर वेग आणखी कमी.

ट्रॉली गाठली की ओव्हरटेक करू नका. मागची ट्रॉली नागमोडी हलते, तिच्यापुढे अजून एक ट्रॅक्टर असतो, त्यापुढे बैलगाड्या. हॉर्नवर विसंबू नका. ट्रॅक्टरवर टेप एवढ्या मोठ्याने चालू असतो की ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. तुम्हाला मात्र टेप ऐकू येतो, म्हणून चौकात आणि कारखान्याच्या फाट्याजवळ काच खाली करा.

दुचाकीवाल्यांनी वळणावर ब्रेक जपून दाबावा. सांडलेला ऊस चाकांखाली चिरडतो, त्यावर दव पडतं, आणि तिथे टायर धरत नाही.

अगदीच दिसेनासं झालं तर पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या आवारात शिरा. तेही जवळ नसेल तर गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या, आता चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला उभं करा. गाडीत बसून राहू नका. गाडी बंद पडली म्हणून मागे दगड लावलेत तर निघताना ते स्वतःच्या हाताने उचलून बाजूला टाका. ट्रॅक्टरवाले टाकत नाहीत.