प्रिंटवर चारीमेर शिक्का

आयटीआयची ड्राफ्ट्समन सिव्हिलची दोन वर्षं संपली तेव्हा माझ्याकडे मिनी ड्राफ्टर होता, सेट स्क्वेअर होते, टाचण्यांनी भोकं पडलेला बोर्ड होता. कॉम्प्युटर नव्हता. पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने जळगावला जायचो आणि एका इंजिनिअरच्या ऑफिसात बसून प्लॅन काढायचो. पुढे भावाने जुना डबा आणून दिला, त्यावर ऑटोकॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर प्लॅन काढायच्या सॉफ्टवेअरची, विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती टाकली आणि वाटलं, आपलं काम झालं.

गल्लीतल्या एका नानांना घर बांधायचं होतं. पाचशे रुपयांत प्लॅन काढून दिला. ऑफिसच्या ड्रॉइंगमधली दारं-खिडक्यांची चित्रं मला आवडत नव्हती, म्हणून घरी काढलेले ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं, पेन ड्राइव्हवरून ऑफिसच्या ड्रॉइंगमध्येही टाकले. नानांनी प्रिंट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “हाई काय शे रे भो चारीमेर?” कागदाच्या चारही कडांना इंग्रजीत छापलं होतं की हे शैक्षणिक आवृत्तीत तयार केलेलं आहे. नानांना समजावता आलं. पण दोन दिवसांनी तोच शिक्का ऑफिसच्या प्रिंटवर उमटला, आणि साहेबांना काही समजावता येईना. माझ्या ब्लॉकबरोबर तो त्यांच्या फायलीत शिरला होता, तिथून कॉपी केलेल्या दुसऱ्या फायलींतही गेला होता. तीन दिवस बसून सगळे ब्लॉक नव्याने काढले, तेही जेवणाच्या सुट्टीत.

आताच्या आवृत्त्यांत तो शिक्का येत नाही. पण नियम तोच आहे: शिकायला घेतलेलं फुकट सॉफ्टवेअर शिकण्यापुरतंच. पाचशे रुपये घेतले की तो धंदा झाला.

एवढं डोक्यात ठेवलं तर शिकणाऱ्याला पैसे मोजायची गरजच नाही. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, इमारतींसाठीचं रेव्हिट, यंत्रांच्या भागांसाठीचं फ्युजन एका वर्षासाठी मोफत देते, आणि शिकत असाल तोवर दरवर्षी नूतनीकरण होतं. पोरं अडकतात ती पडताळणीत. ओळखपत्राचा फोटो पाठवतात, त्यावर वर्षच नसतं, मग अर्ज परत येतो. कागदावर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: तुमचं पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि चालू वर्षाची तारीख. नाव खात्यात लिहिलंय तसंच हवं. खात्यात वडिलांचं नाव नाही आणि फीच्या पावतीवर आहे, एवढ्यावरूनही अडतं. मी तर सांगतो, ऑफिसातून इंग्रजीत बोनाफाईड घ्या आणि खातं उघडताना नाव त्यावर पाहूनच टाका. संस्था मान्यताप्राप्त लागते. बसस्टँडजवळच्या तीन महिन्यांच्या क्लासची पावती चालेल असं धरून बसू नका.

दुसरी अडचण मशीनची. नव्या ऑटोकॅडला किमान ८ जीबी रॅम लागते. घरी ४ जीबीचा जुना लॅपटॉप असेल तर हट्ट करू नका, लिब्रेकॅड टाका. फुकट, ओपन सोर्स, फक्त टू-डी, आणि जुन्या मशीनवरही पळतं. लेयर, ब्लॉक, ऑफसेट, ट्रिम, डायमेन्शन, सगळं आहे. पहिल्या वर्षाला याहून जास्त लागत नाही. कमी एकच: ते काम डीएक्सएफ प्रकारच्या फायलीत सेव्ह करतं, ऑटोकॅडच्या स्वतःच्या डीडब्ल्यूजी प्रकारात नाही. आणि आपल्याकडची बहुतेक ऑफिसं डीडब्ल्यूजीवर चालतात. डीएक्सएफ ऑटोकॅडमध्ये उघडते, त्यामुळे काम अडत नाही, पण एकक आधी मिलिमीटर करून ठेवा, नाहीतर पलीकडे उघडल्यावर बंगल्याची काडेपेटी होते.

मेकॅनिकलवाल्यांनी, म्हणजे ज्यांना पुढे जळगाव एमआयडीसीत पाइप, ठिबक नाहीतर मोल्डच्या कामात शिरायचंय त्यांनी, फ्रीकॅड हे थ्री-डी काढायचं मोफत सॉफ्टवेअर बघावं. आधी त्यात एक माप बदललं की पुढचे भाग विस्कटायचे, मी दोनदा वैतागून काढून टाकलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली आणि ते दुखणं बरंच कमी झालं. डीडब्ल्यूजी उघडायला मात्र त्याला वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो, तोही मोफत मिळतो. सीमेन्सच्या सॉलिड एज या अशाच सॉफ्टवेअरचीही विद्यार्थ्यांसाठी मोफत आवृत्ती आहे. ऑनशेप हे तसलंच आणखी एक, ते ब्राउझरमध्ये चालतं, मशीन जुनं असलं तरी नेट चांगलं हवं. त्याच्या फुकट खात्यातलं काम सगळ्या जगाला दिसतं, तेव्हा कंपनीतल्या मोल्डची मापं तिथे टाकून मोकळे होऊ नका.

फुकटातही एक गोम असते. ड्राफ्टसाइट या ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरची टू-डी आवृत्ती कितीतरी वर्षं मोफत होती, आमच्यातले बरेच जण तिच्यावरच होते. २०१९ संपलं आणि ती बंद झाली. तेव्हापासून मी प्रत्येक कामाची एक डीएक्सएफ प्रत वेगळी ठेवतो.

क्रॅकबद्दल, म्हणजे पैसे न देता चोरून चालवायच्या सॉफ्टवेअरबद्दल, कुणी मला विचारू नये. पेन ड्राइव्हवर मिळतो, माहीत आहे. चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

अजून एक, लाइटचं. आमच्या गावाला लाइट सांगून जात नाही. ऑटोकॅड आपोआप दर दहा मिनिटांनी प्रत ठेवतं. सेव्हटाइम कमांड देऊन ते तीनवर आणा.

आणि प्रिंट. क्लासमध्ये स्क्रीनवर सुंदर प्लॅन काढणारी पोरं प्रिंट देताना ‘फिट टू पेपर’ दाबतात आणि स्केलचं वाटोळं करतात. घरी प्रिंटर नसला तरी हे शिका. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट १:१०० ला कागदावर साधारण ९१ बाय १२२ मिलिमीटर भरला पाहिजे. झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या पट्टी लावून बघा. मिस्त्री फुटांत बोलतो, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, म्हणून हा हिशेब तोंडपाठ हवा.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे कामाला पोरगा हवा होता. चौघे आले. प्रत्येकाला पेन्सिलने काढलेलं कच्चं स्केच दिलं, मापं फूट-इंचांत, आणि म्हटलं, उद्या ए-थ्रीवर घेऊन या. तिघांनी सुरुवातीलाच आपले सर्टिफिकेट पुढे केले. चौथा एरंडोलकडचा, त्याने लिब्रेकॅडवर काढलेली डीएक्सएफ आणली आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, ऑटोकॅड नाहीये माझ्याकडे.” आमच्या मशीनवर उघडली. दाराची रुंदी ९०० आली. भिंत २३०. प्रिंटवर पट्टी लावली, प्लॉट ९१ भरला. साहेबांनी विचारलं, “सोमवारपासून येशील?”